तीनशे यार्डांचा मोह

बोअर युद्धात (1899–1902) ॲलिस्टर मॅकेन्झी हा यॉर्कशायरचा डॉक्टर ब्रिटिश फौजेबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. जखमींवर उपचार करता करता त्याला एक कोडं पडलं. बोअर शेतकरी मूठभर, तरी एवढ्या मोठ्या फौजेला भारी का पडतात? त्यांचे खरे खंदक जमिनीत मिसळून गेलेले असत, आणि जे डोळ्यांत भरत ते खोटे. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने सैनिकांना हीच लपण्याची आणि फसवण्याची विद्या शिकवली. दरम्यान डॉक्टरकी मागे पडत गेली होती आणि तो गोल्फची मैदानं आखू लागला होता.

गोल्फमध्ये प्रत्येक होलचा एक ‘पार’ ठरलेला असतो, म्हणजे कसलेल्या खेळाडूला अपेक्षित फटक्यांचा आकडा. पार फोरवर हिशेब असा: दोन फटक्यांत ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कातरलेली हिरवळ) गाठायचं आणि दोन हलक्या फटक्यांत चेंडू भोकात घालायचा. आजच्या संकेतांनुसार पुरुषांसाठी अशा होलची लांबी 240 ते 490 यार्डांपर्यंत असू शकते. त्यातला तीनशेच्या आसपासचा, म्हणजे पावणेतीनशे मीटरचा होल सगळ्यांत अवघड. खेळायला नव्हे, आखायला.

कारण लांबी आपोआप धाक घालते. साडेचारशे यार्डांच्या होलवर खेळाडूला फार विचार करायचा नसतो. ताकद लावायची आणि चालू लागायचं. तीनशे यार्डांवर मात्र ग्रीन समोर दिसतं आणि दंडात जोर असलेल्याला वाटतं, एकाच फटक्यात पोचू. ते वाटणंच आराखडा काढणाऱ्याचं भांडवल.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ही मोहाची मांडणी कुणी ठरवून केलेली नाही. तिथला बारावा होल सुमारे 350 यार्डांचा आहे. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की पुढे निर्धोक मैदान दिसतं. वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, दिसतात ते पुढे जाऊन मागे वळून पाहिल्यावर. हे मैदान एके काळी उलट्या दिशेने खेळलं जाई आणि हे बंकर त्या दिशेने येणाऱ्यांना समोर दिसत. दिशा बदलली, बंकर होते तिथेच राहिले. मॅकेन्झीने 1924 साली या मैदानाचा बारकाईने नकाशा काढला. बोअरांच्या खंदकांचा अभ्यास केलेल्या माणसाला त्यात काय सापडलं असेल, हे सांगायला नको.

दोनच वर्षांनी तो मेलबर्नला गेला. तिथे त्याने आखलेल्या रॉयल मेलबर्नच्या वेस्ट कोर्सचा दहावा होल जेमतेम 305 यार्डांचा, डावीकडे वळणारा. वळणाच्या आत टेकडीच्या उतारावर एक प्रचंड बंकर. तो ओलांडला तर ग्रीन हाताशी येतं. पण ते लहान आहे आणि कडांना घसरतं, त्यामुळे थोडक्यात चुकलेला चेंडूही लांब जातो.

या प्रकारातला सर्वांत विचारपूर्वक आखलेला होल मात्र लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा क्लबचा दहावा म्हणावा लागेल. जॉर्ज थॉमस यांनी 1920च्या दशकात आखलेला हा होल 315 यार्डांचा. ग्रीन अरुंद, तिरकं बसवलेलं आणि बंकरांनी घेरलेलं. शहाणा खेळाडू पहिला फटका डावीकडे, ग्रीनपासून लांब मारतो, कारण तिथून ग्रीनची पूर्ण लांबी वापरायला मिळते. थेट ग्रीनवर झेप घेणारा उजवीकडे सरकला, तर ग्रीन पंधरा-वीस पावलांवर असूनही चेंडू त्यावर थांबवणं कठीण होऊन बसतं. जवळ पोचलेला अडचणीत आणि लांब राहिलेला निवांत! जगातले अव्वल खेळाडू जवळपास दरवर्षी इथे येतात आणि काय करावं यावर त्यांचं अजून एकमत नाही.

मराठवाड्यातल्या वाळूजच्या बजाजनगरहून उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर फसवण्याच्या याच विद्येचा फार जुना नमुना उभा आहे. यादवांच्या देवगिरी किल्ल्याचा तासलेला कडा, खंदक आणि वळणावळणांची अंधारी वाट पाहताना मॅकेन्झीच्या नोंदवहीची दहा पानं तरी भरली असती. पण किल्ला आणि होल यांत एक मूलभूत फरक आहे. किल्ल्याने शत्रूला सुरक्षित वाट ठेवायची नसते. होलने ती ठेवलीच पाहिजे. नुसती शिक्षा असली तर सगळे मुकाट्याने सावध खेळतात आणि मोह संपतो. धाडसाला खरं बक्षीस हवं. 1970च्या ब्रिटिश ओपनच्या प्ले-ऑफमध्ये जॅक निकलसने ओल्ड कोर्सच्या सुमारे 350 यार्डांच्या अठराव्या होलवर स्वेटर काढला आणि चेंडू ग्रीनच्याही पलीकडे धाडला. तिथून त्याने आणखी दोन फटक्यांत होल पुरा केला आणि स्पर्धा जिंकली.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. मुंबईत गोल्फ क्लब 1842 सालीच निघाला. लॉर्ड विलिंग्डन यांनी 1918 साली हिंदी आणि युरोपीय सभासदांसाठी एकत्र काढलेल्या क्लबचं मैदान दाटीच्या शहरात अठरा होल सामावून आहे. मराठवाड्यात अडचण जागेची नसून पाण्याची आहे. जायकवाडीचं पाणी पिण्याला, शेतीला आणि कारखान्यांना वाटून घ्यावं लागतं. तिथे पूर्ण लांबीच्या मैदानाचं सात हजार यार्ड गवत भिजवण्याची मागणी करणं अन्यायाचं ठरेल. आखूड होलला गवत कमी लागतं. देशातल्या कोरड्या भागांतल्या छावण्यांनी तर ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राऊन’ वापरून वर्षानुवर्षं खेळ चालवला. ब्राऊन बहुधा सपाट असतात, त्यामुळे उताराची मदत मिळत नाही. सगळा पेच आधीच्या जमिनीतून उभा करावा लागतो. एखादा कोरडा ओढा तिरका येऊ द्यायचा, उजवीकडची बाभळीची रांग राखायची आणि डावीकडे मुरमाची मोकळी जागा सोडायची. सुरुवात एवढ्यावरही करता येईल.