पिंगुळीची चित्रं कुर्त्यावर येतात तेव्हा

कुडाळला लागूनच पिंगुळी आहे. बाहेरच्यांना हे गाव दोन कारणांनी ठाऊक असतं: राऊळ महाराजांचा मठ आणि ठाकर समाजाची चित्रकथी. त्यातली चित्रकथी आता आपल्या मोबाइलवरही येते. कधी साडीच्या पदरावर, कधी कापडी पिशवीवर, कधी कुर्त्यावर. मोठ्या डोळ्यांचा राम, ठसठशीत रेघा, आणि खाली ‘सस्टेनेबल’, ‘स्लो फॅशन’ असे शब्द. असा कुर्ता घेताना आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटतं. ते कितपत खरं, हे समजायला या चित्रांचा इतिहास माहीत हवा.

मुळात चित्रकथीचं चित्र विकायला काढलेलं नसायचं. ते गोष्ट सांगायचं साधन होतं. हाती बनवलेल्या कागदावर, माती, दगड, झाडपाला, काजळी यांच्या रंगांत रामायण-महाभारतातले प्रसंग काढायचे. मग दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवायचे, म्हणजे एका पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र. एका आख्यानाची अशी साधारण ३० ते ५० चित्रं मिळून एक पोथी व्हायची. सांगणारा पोथी पुढ्यात घेऊन बसायचा. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर तो एकेक चित्र दाखवत कथा गाऊन सांगायचा. प्रसंग संपला की पान बाजूला, पुढचं पान वर.

ही परंपरा किती जुनी? बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे. पिंगुळीच्या ठाकरांना पुढे सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा आश्रय मिळाला. कोणत्या घराने कोणत्या देवळात कला सादर करायची, हे ठरलेलं असायचं. चित्रकथीबरोबर कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ बैल असं बरंच काही याच समाजाकडे होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोथी एकदा तयार झाली की बापाकडून मुलाकडे जायची आणि तेच चित्र शेकडो वेळा दाखवलं जायचं. दरवर्षी नवीन चित्र हवं असं कुणी म्हणत नव्हतं. उलट ओळखीचं चित्र पुन्हा समोर आलं की ऐकणारा सरसावून बसायचा. ‘स्लो फॅशन’ हा शब्द केट फ्लेचर या अभ्यासक बाईंनी २००७ मध्ये रूढ केला. त्यामागची कल्पना साधी आहे: कमी घ्या, जपून वापरा, बनवणाऱ्याला विसरू नका. पिंगुळीत यातल्या पहिल्या दोन गोष्टींना वेगळं नाव द्यायची गरजच पडली नव्हती. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, तीही कुठल्या चळवळीसाठी नव्हे.

मग बदललं काय? याचं उत्तर शोधताना कापडापासून सुटका नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभं राहिलं. ते चालवायला माणसं गेली त्यांत कोकणातल्या गावांचा वाटा मोठा होता. घरात मनिऑर्डर येऊ लागली आणि गिरणीचं स्वस्त कापडही. पण देवळात रात्र जागवून कथा ऐकणारा तरुण आता परळ-लालबागच्या खोलीत झोपत होता. पुढे सिनेमा आला, टीव्ही आला, संस्थानंही गेली. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरणगाव त्यातून सावरलं नाही. कोकणातल्या किती घरांनी तेव्हा स्वस्त कापडाची खरी किंमत मोजली, हे त्या घरांनाच माहीत. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११००हून जास्त कामगार मेले, तेव्हा जगाला ‘कपडे कोण शिवतं’ हा प्रश्न पडला. आपल्याकडे तो प्रश्न त्याआधीच घरी येऊन गेला होता.

श्रोते पांगले तशा पोथ्याही गेल्या. विसाव्या शतकात जुनी चित्रं संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत पोहोचली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथी आहेत. याच घराण्यातली काही चित्रं पैठणला सापडली, म्हणून त्यांना ‘पैठणी चित्रं’ हेच नाव पडलं. जिथे सापडली त्या गावाचं नाव राहिलं, काढणाऱ्या हातांचं गेलं. संग्रहालयांमुळे चित्रं वाचली हे खरंच. पण कथेपासून चित्र सुटलं आणि चित्रापासून चित्रकार सुटला, तेही याच काळात.

पिंगुळीत मात्र काही घरांनी हात सोडला नाही. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं रूपांतर संग्रहालयात केलं आणि ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभं केलं. तिथे चित्रं पाहता येतात, बाहुल्यांचा खेळ पाहता येतो आणि कथा ऐकताही येते. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढची पिढी आज हीच चित्रं नव्याने काढते आणि विकतेही. त्यात गैर काहीच नाही. राजाश्रय संपल्यावर कलाकाराने जगायचं कशावर?

प्रश्न आहे तो छापील कुर्त्याचा. जुन्या पोथीतलं चित्र स्कॅन करून हजार मीटर कापडावर छापलं, तर पिंगुळीला काय मिळतं? कायदा इथे फार पुढे जात नाही. शतकभरापूर्वीच्या निनावी चित्रावर आज कुणाचाच कॉपीराइट नसतो. हयात चित्रकाराच्या नव्या चित्रावर तो असतो, पण कोर्टात जायला पैसा आणि वेळ लागतो. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी मानांकन नावाचं रक्षण करतं, रेघेचं नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे फुकट वाटलेल्या कोडवरही साधी अट असते: हवं तसं वापरा, पण लिहिणाऱ्याचं नाव पुसू नका. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जो मान आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या पोथी सांभाळणाऱ्याला का नसावा?

म्हणून खरेदीआधी तीन गोष्टी विचारता येतात. चित्र हाताने काढलंय की छापलंय? काढणाऱ्याचं नाव काय? छापील असेल तर त्या घराला प्रत्येक नगामागे काही मिळतं का? विक्रेत्याला पहिल्या दोन प्रश्नांचंही उत्तर देता येत नसेल, तर कापड सेंद्रिय असून उपयोग काय? आणि एवढं विचारून घेतलाच, तर कुर्ता दहा वर्षं वापरावा, विरला की गोधडीत घालावा. पोथीचं चित्र टिकलं ते पुन्हापुन्हा बाहेर काढलं गेलं म्हणून. पुढच्या वेळी मालवणला जाताना कुडाळला थांबा. विकत काही घेतलं नाही तरी चालेल, पण एक आख्यान बसून ऐका. ही चित्रं त्यासाठीच काढलेली आहेत.