घन प्रणोदकांचे ज्वलन

रॉकेटमधील घन प्रणोदक केवळ उघड्या पृष्ठभागावर जळते आणि हा पृष्ठभाग लंब दिशेने थराथराने मागे सरत जातो. या सरण्याच्या वेगाला ज्वलनदर म्हणतात. तो बहुधा सेकंदाला काही मिलिमीटर असतो. ऑक्सिजन प्रणोदकातच असल्याने बाहेरची हवा लागत नाही, पण एकदा पेटलेली मोटर मध्येच विझवणेही जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे ज्वलनाचा सगळा क्रम मोटर भरतानाच ठरवून ठेवावा लागतो.

पीएसएलव्ही या भारतीय प्रक्षेपकाच्या पहिल्या टप्प्यात वापरतात तशा संमिश्र प्रणोदकात अमोनियम परक्लोरेटचे कण आणि ॲल्युमिनियमची पूड रबरासारख्या बंधकात धरलेली असते. तापलेल्या पृष्ठभागावर परक्लोरेट व बंधक यांचे विघटन होते आणि निघालेले वायू पृष्ठभागाच्या अगदी लगत मिसळून जळतात. या ज्वालेची उष्णता मागे फिरून पुढचा थर तापवते. दाब वाढला की ज्वाला पृष्ठभागाला अधिक बिलगते, उष्णता जास्त पोचते आणि ज्वलन वेग घेते. परक्लोरेटचे कण बारीक केल्यानेही वेग वाढतो. आयर्न ऑक्साइडची अल्प मात्रा उत्प्रेरकाचे काम करते.

ज्वलनदर दाबाच्या एका घाताच्या प्रमाणात बदलतो. हा नियम फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांच्या नावाने ओळखला जातो. मोटरच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने यातील घातांकाइतका महत्त्वाचा दुसरा आकडा नाही. नोझलमधून बाहेर पडणारा वायू दाबाच्या सम प्रमाणात वाढतो. घातांक 1 पेक्षा कमी असेल तर दाब चढताच निचरा निर्मितीला मागे टाकतो आणि समतोल परत येतो. 1 पेक्षा जास्त असेल तर दाब चढतच जाऊन मोटर फुटते. घातांक 1 च्या आत असूनही मोठा असेल तरी धोका टळत नाही. जळते क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी वाढल्यास घातांक 0.3 असताना दाब सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो, 0.8 असताना मात्र तब्बल 61 टक्क्यांनी. प्रणोदकातील भेग किंवा कवचापासून सुटलेली कड नवे पृष्ठभाग उघडे करते. म्हणूनच भरलेल्या मोटरींची क्ष-किरणांनी कसून तपासणी करतात.

क्षेत्रफळ वाढण्याचा हाच गुण हेतुपुरस्सर वापरताही येतो. अमेरिकी स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये पुढच्या भागातील पोकळी 11 टोकांच्या ताऱ्याच्या आकाराची होती. तिच्यामुळे उड्डाणाच्या वेळी रेटा भरपूर मिळे आणि पुढे, हवेचा ताण सर्वाधिक असताना, तो सुमारे एक तृतीयांशाने उतरे.

ॲल्युमिनियम ज्वालेचे तापमान 3,000 अंश सेल्सियसच्या आसपास नेते. त्याच्या ऑक्साइडचे सूक्ष्म थेंब पोकळीत घुमणाऱ्या दाबलहरी काही अंशी शमवतात. या लहरींना ज्वलनाची साथ मिळाली, तर कंपने वाढत जाऊन मोटर व तिच्यावरील उपकरणे निकामी होऊ शकतात.

प्रणोदकाचे स्वतःचे तापमानही परिणाम करते: थंडीत ते सावकाश जळते, उन्हात तापलेले असेल तर वेगाने. बर्फाळ डोंगरात आणि वाळवंटातही चालवायच्या लष्करी रॉकेटांची चाचणी त्यामुळे दोन्ही टोकांच्या तापमानांना घ्यावी लागते.