जगज्जेत्यांच्या वाटेवरची मुंबईची गाडी

पनवेल हे रस्त्यांचं गाव. मुंबईकडून आलेला जुना हमरस्ता पळस्पे फाट्यावर फुटतो. एक फाटा चौक, खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या जंगलातून कोकणात उतरतो. कळंबोलीपासून निघणाऱ्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून मुंबई-ठाण्याकडच्या मोटरसायकलवाल्यांना लोणावळा गाठायचा तर आजही आमचा जुना रस्ताच धरावा लागतो. माझं गॅरेज या रस्त्याच्या कडेला आहे. ऐंशीच्या दशकात यामाहाची आरएक्स १०० नवीन निघाली, तेव्हापासून माझे हात या धंद्यात काळे होत आलेत.

रविवारी उजाडायच्या आत इथून पोरांचे जथे जातात. कुणाची चेन सैल झालेली असते, कुणाची हवा कमी असते, म्हणून थांबतात. थांबले की शर्यतींच्या गप्पा निघतात. बान्याया, मार्टिन, बेझेकी, बिंडर ही नावं त्यांना तोंडपाठ. कुठल्या मोसमात कोण कुठे पडला हेही सांगतात. पण ही चारही मंडळी वर चढताना मुंबईच्या एका कंपनीच्या मोटरसायकलवर बसली होती, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. हा आपला इतिहास आहे, आणि तो नीट सांगितला गेला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे शर्यत म्हटलं की पहिलं नाव मद्रासजवळच्या शोलावरमचं. दुसऱ्या महायुद्धातली ती विमानांची धावपट्टी. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढे कित्येक वर्षं या धावपट्टीवर मोटारी आणि मोटरसायकली पळाल्या. १९९० साली इरुंगट्टुकोट्टईला पक्कं सर्किट झालं. टीव्हीएसनं १९८२ पासून स्वतःचा रेसिंग विभाग चालवला. पुढे कोइमतूरजवळ कारी स्पीडवे झाला. देशाची मोटरसायकल शर्यत अशी दक्षिणेत रुजली. चेन्नई, कोइमतूरच्या मुलाला शर्यतीचा ट्रॅक हाकेच्या अंतरावर मिळाला.

महाराष्ट्रात गाड्या बनल्या, शर्यती मात्र मातीतच राहिल्या. पुणे, नाशिकला डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉस होत आले, आमच्या नवी मुंबईत पावसाळ्यात चिखलातली स्कूटर रॅली होत आली. तिथं पळणाऱ्या मुलांची गाडी तयार करणारे माझ्यासारखेच गॅरेजवाले. टू-स्ट्रोकच्या काळात आमचं सगळं शास्त्र कानात आणि नजरेत होतं. सिलिंडरचे पोर्ट कानशीनं घासायचे, हेड उतरवून कॉम्प्रेशन वाढवायचं, मग गाडी पूर्ण ओढून एकदम इंजिन बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. टोक फिकं चॉकलेटी दिसलं की जेट बरोबर. पांढरं पडलं तर पेट्रोल कमी पोचतंय, पिस्टन कधीही जॅम होईल. काळं आणि ओलं निघालं तर जेट मोठा झाला. त्या बोटभर वस्तूवरून इंजिनाच्या पोटातलं सगळं कळायचं. हे ज्ञान या रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या मेकॅनिककडे होतं. ते ज्याच्या कामी यावं असा शर्यतीचा रस्ता तेवढा आमच्याकडे नव्हता.

युरोपात तो रस्ता पायरीपायरीनं बांधलेला आहे. जागतिक अजिंक्यपद १९४९ साली सुरू झालं. व्हॅलेंटिनो रॉस्सीची चढण बघितली की ही पद्धत लगेच समजते. लहानपणी मिनीमोटो, १९९६ साली १२५ सीसीत पदार्पण, १९९७ साली त्या वर्गाचं जगज्जेतेपद, १९९९ साली २५० सीसीचं, २००१ साली ५०० सीसीचं. २००२ पासून सर्वोच्च वर्गाचं नाव मोटोजीपी झालं. त्याखाली आता मोटो२ आणि मोटो३. मोटो३ मधली गाडी २५० सीसीची, एका सिलिंडरची, फोर-स्ट्रोक. स्वार आणि गाडी मिळून वजन किमान १५२ किलो भरावं लागतं. सगळ्यांची ताकद जवळपास सारखी, म्हणून पंधरावीस गाड्यांचा घोळका शेवटच्या वळणापर्यंत एकमेकांना चिकटून येतो. कोण उशिरा ब्रेक लावतो, कोण दुसऱ्याच्या आडोशानं वारा चुकवतो, कोणाचं डोकं थंड राहतं, हे तिथं उघडं पडतं. मोठ्या संघांची नजर याच वर्गावर असते.

या पहिल्या पायरीवर महिंद्रानं पाऊल ठेवलं. मुंबईची जीप आणि ट्रॅक्टरची ही कंपनी दुचाकीच्या धंद्यात उतरली २००८ साली, पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक मोटरचा व्यवसाय घेऊन. ज्या घराण्यानं लूना आणि कायनेटिक होंडा घराघरांत पोचवली, त्यांचा वारसा महिंद्राकडे आला. त्याच सुमारास महिंद्रानं इटलीत बोलोन्याजवळची एंजिन्स एंजिनिअरिंग ही कंपनीही घेतली. तिच्या बळावर २०११ साली महिंद्राची गाडी १२५ सीसीच्या जागतिक अजिंक्यपदात उतरली. इंग्लंडचा डॅनी वेब तिचा स्वार. त्या मोसमाच्या अखेरीला व्हॅलेन्सियात १२५ सीसीची इतिहासातली शेवटची शर्यत झाली आणि तिच्या सुरुवातीच्या रांगेत पहिली जागा वेबनं महिंद्रावर मिळवली होती.

पुढच्या वर्षी मोटो३ सुरू झालं आणि महिंद्राचे हाल झाले. नवं फोर-स्ट्रोक इंजिन टिकेना, गुण मिळायची मारामार. गाडी अर्ध्यात बंद पडण्याचं दुःख काय असतं ते मेकॅनिकला विचारावं. कंपनीनं माघार घेतली नाही, या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो. स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीला हाताशी धरून २०१३ साठी पूर्ण नवी गाडी बांधली, तिचं नाव एमजीपी३ओ. त्या वर्षी मलेशियात पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा तिच्यावरून पहिल्यांदा पोडियमवर चढला. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बिंडर जर्मनीत दुसरा आणि जपानमध्ये तिसरा आला, तोही महिंद्रावरच.

२०१५ साली संघात दोन पोरं आली. एक इटलीतल्या तोरिनोचा फ्रांचेस्को बान्याया. जागतिक स्पर्धेच्या पहिल्या मोसमात, २०१३ साली, त्याला एकही गुण मिळाला नव्हता. दुसरा स्पेनचा होर्खे मार्टिन, २०१४ चा रेड बुल रुकीज कप जिंकून आलेला. २०१५ सालीच फ्रान्समध्ये ल मां इथं बान्याया तिसरा आला, त्याचं हे पहिलं पोडियम. मग उजाडलं २०१६. आमच्या पनवेलमध्ये त्या वर्षी चर्चा एकच, नगरपालिकेची महापालिका होणार. ती ऑक्टोबरात झाली. त्याआधी जूनच्या शेवटच्या रविवारी, भर पावसाळ्यात, दुपारी मी टीव्हीसमोर बसलो होतो. हॉलंडमधल्या आसेनच्या ट्रॅकवर मोटो३ चा घोळका शेवटच्या वळणातून बाहेर आला आणि निसटत्या फरकानं बान्यायानं रेषा ओलांडली. भारतीय कंपनीच्या मोटरसायकलनं जागतिक ग्रां प्री जिंकली. मी उठून उभा राहिलो होतो.

ऑगस्टमध्ये झेक प्रजासत्ताकात बर्नोच्या ओल्या ट्रॅकवर स्कॉटलंडचा जॉन मॅकफी जिंकला. त्याच्या गाडीवर नाव प्यूजोचं होतं, कारण प्यूजोचा दुचाकी व्यवसाय तोवर महिंद्राकडे आला होता. आतली गाडी महिंद्राचीच. दुसरा आला मार्टिन, महिंद्रावर. ऑक्टोबरात सेपांगला बान्याया पुन्हा जिंकला आणि मोसमाअखेर एकूण क्रमवारीत चौथा राहिला. त्याच्या संघाचे मालक होर्खे मार्टिनेझ आस्पार यांनी त्याला बक्षीस म्हणून मोटोजीपीची डुकाटी चालवायला दिली. सर्वोच्च वर्गाचं दार त्याच्यासाठी असं किलकिलं झालं. आसेनच्या ट्रॅकची आकृती त्यानं आपल्या हातावर गोंदवून घेतली आहे.

२०१७ च्या अखेरीला महिंद्रानं मोटो३ सोडलं आणि विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यतींवर लक्ष दिलं. जाता जाता आणखी एक मुलगा या गाडीवर चमकला. इटलीचा मार्को बेझेकी त्या वर्षी जपानमध्ये महिंद्रावर तिसरा आला.

आता पुढचं बघा. बान्याया २०१८ साली मोटो२ चा आणि २०२२ साली मोटोजीपीचा जगज्जेता झाला. मार्टिननं २०१८ साली मोटो३ चं अजिंक्यपद घेतलं, होंडावर. २०२३ साली मोटोजीपीचं अजिंक्यपद व्हॅलेन्सियातल्या शेवटच्या शर्यतीपर्यंत या दोघांतच लढलं गेलं, बान्याया जिंकला. २०२४ साली पुन्हा हेच दोघे, आणि या वेळी मार्टिन. एकेकाळी महिंद्राच्या एका गॅरेजमध्ये शेजारी शेजारी हेल्मेट ठेवणारे दोन मुलगे सलग दोन वर्षं जगातल्या सर्वांत मोठ्या मुकुटासाठी भांडले. बिंडर आणि ऑलिव्हेरा यांनी २०२० साली केटीएमवर मोटोजीपीच्या शर्यती जिंकल्या. केटीएममध्ये तेव्हा पुण्याच्या बजाजचा जवळपास निम्मा हिस्सा होता. बिंडरनं २०२३ साली मुजेल्लोला ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला.

आणि २४ सप्टेंबर २०२३. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. उन्हानं स्वारांचा जीव काढला, फेऱ्या कमी कराव्या लागल्या. जिंकला बेझेकी. दुसरा मार्टिन. बान्याया दुसऱ्या जागेवरून पळत असताना घसरून पडला. भारताच्या मातीत मोटोजीपी जिंकणारा पहिला स्वार भारतीय गाडीवर शिकून गेलेला होता, याहून मोठा दाखला कोणता हवा?

एवढं सगळं घडलं, मग भारतीय मुलगा या चढणीवर कुठे आहे? चेन्नईचा शरत कुमार २०११ साली १२५ सीसीच्या काही ग्रां प्री शर्यतींत पळाला, ती सुरुवात म्हणायची. रॅलीत आपण पुढे गेलो. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ साली डकार पूर्ण करून आला आणि केरळचा हरिथ नोआ २०२४ साली तिथं रॅली २ गटात जिंकला. सर्किटवर पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या टॅलेंट कपमधून पुढे आला. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. गुण आपल्या मुलांत आहेत, हे यातून दिसतं.

महिंद्राच्या सात मोसमांतून मला एक गोष्ट कळली. गाडी पैसा आणि चिकाटी लावून बांधता येते. तिच्यावर बसणारा मुलगा मात्र दहा-बारा वर्षं आधी पेरावा लागतो. एमजीपी३ओ ची रचना युरोपात झाली, तिचे बरेच स्वार इटली, स्पेन, पोर्तुगालचे होते, कारण ते सहा-सात वर्षांचे असल्यापासून छोट्या ट्रॅकवर फिरत होते. आमच्याकडचा मुलगा अठराव्या वर्षी परवाना काढतो, वडिलांकडून केटीएमची ड्यूक घेतो आणि खोपोलीच्या घाटात गुडघा टेकवायला जातो. समोरून ट्रक येतो. पुढचे फोर्क वाकलेल्या, टाकी चेपलेल्या अशा गाड्या टेम्पोत घालून माझ्या दारात आल्यात. काहींचे मालक गाडी न्यायला परत आले नाहीत. त्या मुलांच्या अंगात धमक होती, तिला जागा मिळाली नाही.

जागा फार लागत नाही. जागतिक मिनीजीपी मालिकेत दहा ते चौदा वर्षांची मुलं ओहवाले कंपनीच्या १६० सीसीच्या छोट्या गाड्या गो-कार्टच्या ट्रॅकवर पळवतात. एक किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी पट्टा, कडेला टायरची भिंत, एक रुग्णवाहिका, एक शिकवणारा. आमच्या तालुक्यात विमानतळासाठी डोंगर कापले गेले, नदीचा प्रवाह वळवला गेला, ३७०० मीटरची धावपट्टी झाली. शोलावरमला एका रिकाम्या धावपट्टीवरून सगळी दक्षिण शर्यत शिकली. महिंद्राचं मुख्यालय वरळीला आहे. २०२५ साली केटीएमची सूत्रं हाती घेणारी बजाज आकुर्डीला आहे. दोन्हींच्या वाटेवर पनवेल. महापालिका, सिडको आणि या दोन कंपन्या मिळून इथं मुलांचा एक ट्रॅक बांधू शकतात. तो झाला तर गाड्या तयार करायला या रस्त्यावरचे मेकॅनिक आहेत, प्लगचा रंग वाचणारे, आणि पहिल्या दिवशी मी हजर असेन.