अजिंठ्याचे रंग आणि त्यांच्या नकला

काही वर्षांपूर्वी एका छापखान्यातला तंटा आमच्या संघटनेकडे आला. कॅलेंडरावरचा अजिंठ्याचा पद्मपाणी हिरवट छापला गेला, म्हणून मशीनवरच्या कामगाराचा दोन दिवसांचा पगार कापला होता. आम्ही मालकाला विचारले, खरा रंग कोणता? त्यांनी पुढे केले ते दुसरे एक कॅलेंडर! पगार परत मिळाला, पण प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. आम्ही पुस्तके धुंडाळू लागलो, तेव्हा कळले की हा तंटा पावणेदोनशे वर्षांचा आहे.

मद्रास लष्करातला अधिकारी रॉबर्ट गिल याला 1844 मध्ये कंपनी सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यास नेमले. बिचाऱ्याने कैक वर्षे तिथे घालवली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्याच्या नकला 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स 1872 मध्ये पेस्तनजी बोमनजींसारखे विद्यार्थी घेऊन गेला. 1885 पर्यंत, मध्ये खंड पडत, काम चालले. त्यातल्याही अनेक नकला त्याच वर्षी लंडनमध्येच जळाल्या. राहिलेल्यांवरून 1896-97 मध्ये दोन खंड निघाले.

आग हे दुर्दैव म्हणू. पण पुढची गोष्ट आम्हाला अधिक खुपते. अंधूक रंग उजळून दिसावेत म्हणून नकलाकारांनी भिंतीवरच्या अस्सल चित्रांना व्हार्निश फासले. पुढे निजाम सरकारने 1920 मध्ये आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता. परंतु हे लेप काळाने पिवळे पडले, त्यांवर धूळ बसली. नकलेच्या सोयीपायी अस्सलच काळवंडले!

त्यानंतर गुलाम याझदानींनी 1930 पासून 1955 पर्यंत चार भागांत चित्रे प्रसिद्ध केली, तीही छायाचित्रांवर आधारून. हैदराबाद संस्थानाच्या पैशाचे हे एक चांगले काम. तथापि कॅमेराही निरपेक्ष साक्षीदार नव्हे. अजिंठ्याचे बहुतेक रंग मातीचे : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काळा काजळीचा. निळा मात्र दूरच्या बदख्शानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा. पिवळ्या दिव्यात गेरू खुलतो आणि हाच महागडा निळा मरतो. 1991 च्या सुमारास बेनॉय बहल यांनी प्रखर दिवे टाळून, मंद उजेडात दीर्घ वेळ फिल्म उघडी ठेवून छायाचित्रे घेतली, तेव्हा अनेकांना तो निळा नव्याने दिसला.

आता डिजिटल कॅमेरा आला. लोकांना वाटते, यंत्र आहे म्हणजे रंग बिनचूक. तसे नाही. कोणता पांढरा खरा, हे कॅमेऱ्याला सांगावे लागते. म्हणून चित्राशेजारी राखाडी पट्टी आणि चोवीस घरांची रंगपट्टी ठेवून एक फोटो घेतात. त्या घरांचे आकडे आधीच ठाऊक असल्याने फरक मोजता येतो. आपल्या भागात कापूस घालणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको : आधी काट्यावर प्रमाणित वजन ठेवा, मग गाडी चढवा. शिवाय पडदा रंग उजेडाने दाखवतो, छापखाना शाईने. पडद्यावरचा गडद निळा चार शायांत पुरता उतरतच नाही. तेव्हा मंजूर नमुना आणि रंगपट्टी हाती न देता मशीनवाल्याला दंड करणे, हे आमच्या मते खोट्या काट्यावर माल तोलणे होय.

तंटा मिटल्यावर त्या कामगाराला घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो. दोन्ही कॅलेंडरांची पाने त्याने गुंडाळून आणली होती. पहिल्या लेण्यात डोळे सरावायला बराच वेळ लागला. तिथल्या मंद दिव्यात पानांचेही रंग पालटलेले दिसत होते. तो पद्मपाणीसमोर गुमान उभा राहिला, मग पाने पुन्हा गुंडाळीत म्हणाला, "साहेब, वरचा पिवळेपणा निघाला तर खाली तिसराच रंग असेल."