ओढलेली कातडी

‘सुंता’ हा शब्द मराठीने सुन्नतवरून घेतला. झालेली सुंता झाकणाऱ्यासाठीही जुन्या भाषांत शब्द होता, हे मात्र आपल्यात कुणी बोलत नाही.

इ.स.पू. 175च्या सुमारास जेरुसलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा निघाली. ग्रीक कसरत उघड्या अंगाने, आणि उघडं शिश्नाग्र त्यांना असभ्य वाटे. काही यहुदी तरुणांनी आपली खूण झाकली. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात दोष त्या तरुणांनाच दिला आहे. मला इथे 1947 आठवतं. तेव्हाही हीच खूण बघून माणसं वेगळी काढली गेली.

रोमन लेखक सेल्ससने यासाठी चाकूची शस्त्रक्रिया लिहिली आहे. बिनचाकूची रीत दुसऱ्या शतकातल्या सोरानस वैद्याकडे सापडते. बाळाची कातडी जन्मतः अपुरी असेल तर दाईने तिचं टोक हलकेच पुढे ओढावं किंवा लोकरीच्या धाग्याने बांधावं. हळूहळू, सतत ताणली की ती लांबते, असं तो सांगतो. आजचे लोकही तेच करतात, फक्त धाग्याऐवजी चिकटपट्टी. ताण हलका आणि चहूबाजूंनी सारखा हवा. एकीकडेच ओढ बसली तर कातडी तिथेच सोलवटते. दुखलं तर थांबायचं. ताणाखाली कातडीत नव्या पेशी तयार होतात, पण त्याला वर्षं लागतात.

हिब्रूत अशा माणसाला ‘माशुख’ म्हणत, म्हणजे ओढलेला. पौलाने करिंथकरांना सुंता झाकू नका असं लिहिलं, तिथलं ग्रीक क्रियापदही ओढण्याचंच. पुढे यहुदी सुंतेत आतलं पातळ आवरणही काढू लागले. ओढायला फारसं काही उरू नये म्हणूनच, असं बरेच इतिहासकार मानतात.