पत्ता कोणी ठरवावा? : परिधीय उपकरणांसाठी स्मृतिपत्त्यांच्या वाटपाचा इतिहास (१९७०–२०१९)

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाचे लेखन सहसा प्रोसेसरचा वेग आणि मेमरीचा आकार यांच्याभोवती फिरते. प्रोसेसर आणि त्याला जोडलेली उपकरणे यांच्यातील व्यवहार मात्र त्यात दुर्लक्षित राहतो. वस्तुतः हा व्यवहार एका क्रमांकावर उभा असतो. टाइमर, सिरियल पोर्ट, पडदा अशा प्रत्येक उपकरणात काही रजिस्टरे असतात. 'मेमरी-मॅप्ड' पद्धतीत या रजिस्टरांनाही मेमरीप्रमाणेच पत्ते दिले जातात. परिणामी मेमरीत लिहिण्याची साधी आज्ञाच दिवा लावते, मोटार फिरवते किंवा अक्षर छापते. पत्ता चुकला तर तीच आज्ञा दुसऱ्याच उपकरणाला पोहोचते किंवा चालू प्रोग्रामची माहिती पुसून टाकते. हा पत्ता ठरवण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोठे नोंदवून ठेवावा, या प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

युनिबसवरील राखीव जागा

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७० मध्ये बाजारात आणलेला पीडीपी-११ हा या दृष्टीने महत्त्वाचा संगणक होय. त्याच्या युनिबस या एकाच मार्गावर मेमरी आणि उपकरणे शेजारी शेजारी जोडलेली असत. उपकरणांसाठी वेगळ्या आज्ञांची गरजच उरली नाही. मात्र या सुटसुटीतपणाची किंमत पत्त्यांच्या रूपाने मोजावी लागली. १६ बिटांच्या पत्त्याने ६४ केबी जागा दाखवता येत असे. तिच्यातील वरच्या टोकाची ८ केबी उपकरणांसाठी राखीव ठेवल्याने मेमरीच्या वाट्याला ५६ केबीच येत. संगणकरचनेतील ज्या चुकीतून सावरणे सर्वांत कठीण असते ती म्हणजे पत्त्यासाठी पुरेसे बिट न ठेवणे, असे गॉर्डन बेल आणि विल्यम स्ट्रेकर यांनी पीडीपी-११ च्या अनुभवाचा आढावा घेताना १९७६ मध्ये नमूद केले.

कन्सोलसारख्या नेहमीच्या उपकरणांचे पत्ते कायम असत. सर्वच उपकरणांना कायमचे पत्ते देण्याइतकी जागा ८ केबीत नव्हती. म्हणून काही उपकरणांसाठी 'तरते' पत्ते ठेवण्यात आले. कोणते उपकरण कोणानंतर येणार याचा क्रम कंपनीने ठरवून दिला होता आणि त्या क्रमाने जागा वाटली जाई. त्यामुळे संचात नवे उपकरण आले की त्याच्या पुढच्या उपकरणांचे पत्ते सरकत. पंगतीत मध्येच एक पाहुणा बसला की पुढच्या सर्वांना सरकावे लागते, तसाच हा प्रकार होता. कार्डांवरील जोडण्या बदलण्याचे काम अर्थातच माणसाला करावे लागे.

जम्पर, स्लॉट आणि पीसीआय

१९७४ मधील इंटेल ८०८० ने वेगळी वाट निवडली. त्यात उपकरणांसाठी २५६ पोर्टांची स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र आज्ञा होत्या. त्याच वर्षीच्या मोटोरोला ६८०० ने मात्र उपकरणे मेमरीतच बसवली. १९७७ च्या ॲपल टू मध्ये तर स्लॉटच्या क्रमांकावरूनच कार्डाचा पत्ता ठरत असे. ही योजना आजही चतुर वाटते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ती सोय नव्हती. तेथे १ एमबीपैकी ६४० केबी मेमरीसाठी आणि उरलेली ३८४ केबी पडदा, बायोस इत्यादींसाठी अशी विभागणी झाली. कार्डाचा पत्ता जम्पर किंवा स्विच लावून ठरवला जाई. दोन कार्डांचा पत्ता एकच झाला तर दोन्ही बिघडत.

१९९२ मधील पीसीआय या मानकाने हा अधिकार माणसाकडून काढून यंत्राकडे दिला. प्रत्येक पीसीआय उपकरणात पत्त्याचा पाया नोंदवणारी रजिस्टरे असतात. त्यांत सर्व बिट १ लिहून पुन्हा वाचले की कोणते बिट शून्यच राहिले यावरून उपकरणाला किती जागा हवी हे कळते. मग संगणक सुरू होतानाच मोकळी जागा पाहून पत्ता नेमून दिला जातो. उपकरणाने गरज सांगावी आणि प्रणालीने जागा द्यावी, अशी ही व्यवस्था होती.

एम्बेडेड संगणकांची अडचण

एम्बेडेड क्षेत्रात, विशेषतः एआरएम प्रोसेसर असलेल्या चिपांमध्ये, ही सोय पोहोचली नाही. तेथे सिरियल पोर्ट, टाइमर, जीपीआयओ हे सारे प्रोसेसरबरोबर एकाच चिपमध्ये असते आणि त्यांचे पत्ते चिप बनवणारी कंपनी ठरवते. अशा उपकरणाला 'तू कोठे आहेस' असे विचारण्याची रीत नाही. अंदाजाने पत्ते वाचत गेल्यास यंत्र अडकण्याचाच संभव अधिक. पत्ता आधीच माहीत असावा लागतो.

लिनक्समधील ड्रायव्हर हा पत्ता दोन टप्प्यांत वापरतो. प्रथम तो त्या पट्ट्यावर आपला दावा नोंदवतो, जेणेकरून दुसऱ्या ड्रायव्हरने तीच जागा मागितल्यास त्याला नकार मिळावा. ही नोंद सातबाऱ्यावरील नावासारखी आहे. तिने हक्क कळतो, पण शेताभोवती कुंपण पडत नाही. नोंद न करताच कोणी लिहिले तर हार्डवेअर त्याला अडवत नाही. त्यानंतर तो भौतिक पत्ता कर्नलच्या आभासी पत्त्याशी जोडला जातो. ही जोडणी कॅश टाळून करावी लागते, अन्यथा उपकरणाची स्थिती बदलली तरी प्रोसेसर जुनेच मूल्य वाचत राहील.

हे भौतिक पत्ते दीर्घकाळ 'बोर्ड फायलीं'त, म्हणजे प्रत्येक बोर्डासाठी लिहिलेल्या स्वतंत्र सी-भाषेतील फायलींत ठेवले जात. बोर्डांची संख्या वाढली तशा फायलीही वाढल्या. एका बोर्डासाठी तयार केलेला कर्नल दुसऱ्यावर सहसा चालत नसे. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी एआरएम विभागातील या गोंधळाबद्दल उघड आणि कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली.

यावरील उपाय नवा नव्हता. सन कंपनीच्या संगणकांत विकसित झालेल्या आणि १९९४ मध्ये आयईईई १२७५ हे मानक ठरलेल्या ओपन फर्मवेअरमध्ये उपकरणांचे वर्णन वृक्षाच्या रूपात केलेले असे. त्याची सपाट, फाइलरूप आवृत्ती २००५ च्या सुमारास पॉवरपीसीवरील लिनक्समध्ये आली आणि पुढे एआरएमने ती स्वीकारली. तिलाच 'डिव्हाइस ट्री' म्हणतात. डिसेंबर २०१२ मधील लिनक्स ३.७ पासून अनेक एआरएम चिपांसाठी एकच कर्नल तयार करणे शक्य झाले. तथापि या वृक्षांच्या मूळ फायली लिनक्सच्या स्रोतसंग्रहातच ठेवल्या गेल्या, हेही लक्षात घ्यावे लागेल. पत्ते ड्रायव्हरच्या सी-भाषेतील मजकुरातून बाहेर पडले, पण घर सोडून गेले नाहीत.

रास्पबेरी पायचे उदाहरण

या बदलाचा व्यावहारिक अर्थ रास्पबेरी पायच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. २०१२ च्या पहिल्या पायमध्ये उपकरणांचा पाया हेक्साडेसिमल म्हणजे सोळा आधाराच्या पद्धतीत २००००००० होता. हा पत्ता नेमका ५१२ एमबीच्या हद्दीवर येतो. अनेक हौशी प्रोग्रामरांनी तो आपल्या प्रोग्राममध्ये थेट लिहिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये १ जीबी मेमरीचा पाय २ आला आणि उपकरणांना वर सरकणे भाग पडले. नवा पाया ३एफ०००००० झाला. जेथे पूर्वी जीपीआयओ होते तेथे आता साधी मेमरी आली. जुना प्रोग्राम त्या भौतिक पत्त्यावर लिहू लागला तर दिवा न लागता दुसऱ्याच कोणाची माहिती पुसली जाण्याचा धोका होता. शिवाय १ जीबीपैकी वरची १६ एमबी उपकरणांच्या पट्ट्याखाली गेली. ६४ पैकी ८ केबी गमावणाऱ्या पीडीपी-११ ची येथे आठवण होते.

डिव्हाइस ट्रीवर विसंबलेल्या ड्रायव्हरला यातले काहीच जाणवले नाही. जीपीआयओचा पत्ता दोन्ही वृक्षांत ७ई२००००० असाच आहे, कारण तो चिपच्या अंतर्गत मार्गावरील पत्ता आहे. ७ई०००००० पासूनची जागा प्रोसेसरला कोठून दिसते हे सांगणारी 'रेंजेस' ही नोंद तेवढी बदलली. जून २०१९ च्या पाय ४ मध्ये पाया एफई०००००० झाला, तेव्हाही हीच नोंद बदलून पत्त्याचा प्रश्न सुटला. या चिपमध्ये मात्र जीपीआयओच्या पिना वर-खाली ओढून धरणारी रजिस्टरेच वेगळी होती. ड्रायव्हरमध्ये त्यासाठी नवा मजकूर लिहावा लागला आणि वृक्षातील 'कम्पॅटिबल' या नोंदीत चिपचे नवे नाव द्यावे लागले. त्या नावावरूनच ड्रायव्हरला कोणती रजिस्टरे वापरायची हे कळते.