साळसूद जंतूची गोष्ट

फराळाच्या ताटाशी पोटाच्या दुखण्याचा विषय काढू नये, हे मी जाणतो. पण पणत्या लावताना दरवर्षी मला माझी धाकटी बहीण आठवते. दहा महिन्यांची होती. ढाळ लागून दोन दिवसांत गेली. ‘दात येताहेत,’ आजी म्हणाली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. ‘पाणी देऊ नका, ढाळ वाढतील,’ म्हणून तहानलेल्या पोरीच्या ओठांवरून ओला बोळा तेवढा फिरवला. आजीला दोष कसा द्यावा? मोठमोठे पंडितही या बाबतीत साठ वर्षे चकले होते.

म्युनिक शहरात १८८५ साली थिओडोर एशेरिख या बालवैद्याने तान्ह्या मुलांच्या मळात काडीसारखा एक जंतू पाहिला. निरोगी बाळांतही तो सापडे. तेव्हा हा घरचाच माणूस, असे बहुतेकांनी धरून चालले. जपानात १८९७ साली कियोशी शिगा यांनी आमांशाचा जंतू पकडला, तरी हा साळसूदपणे बाजूलाच राहिला. काहींना संशय होता. पण भक्कम पुरावा १९४५ साली इंग्लंडात जॉन ब्रे यांनी दिला. उन्हाळी हगवणीने आजारी पडलेल्या अर्भकांत या जंतूचा एकच विशिष्ट वाण त्यांना पुन्हापुन्हा आढळला. कूळ एकच; पण त्यात सज्जनही होते आणि मारेकरीही!

पण मूल दगावते कशाने? याचा उलगडा आपल्या कलकत्त्यात झाला. शंभुनाथ डे यांनी १९५३ साली सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला. १९५६ साली एशेरिखच्या जंतूच्या काही वाणांनीही तोच प्रताप दाखविला. १९५९ साली तर डे यांनी पटकीचे जंतू गाळून काढले आणि नुसता द्रव सोडला, तरी तेच! म्हणजे हे जंतू आतडे कुरतडत नाहीत. त्यांचे विष शरीरातलेच पाणी आतड्यात ओतवते. मूल मरते ते तहानेने.

मग उपायही पाण्याचाच. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आजारी आतड्यातूनही शोषले जाते, हे १९६०नंतरच्या दशकात ध्यानी आले. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी साखरमिठाचे पाणी पिंपे भरभरून पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चाराच्या आत आले.

गेल्या दिवाळीत नातवाला ढाळ लागले. सूनबाईने उकळून गार केलेल्या पाण्यात पुडी कालवली आणि चमच्याचमच्याने पाजू लागली. बाहेर फटाके वाजत होते. मी उशाशी बसून चमचे मोजीत होतो. पहाटे त्याने डोळे उघडले आणि चकली मागितली. मी देवघरात गेलो आणि एक पणती जास्त लावली.